बावीस उभे, एकवीस आडवे

नौपाड्यात एका जिन्याखाली माझं दुकान.
उभा राहिलो की डोकं पायरीला लागतं,
म्हणून बसून असतो
आणि रॅकेटला गटिंग ओढतो.

वहीत चार रकाने : तारीख, नाव, पाउंड, बाकी.

अकरा वर्षांची होती.
रॅकेट चुलतभावाची, मुठीवर सायकलची ट्यूब.
हर्षदा नाखवा, चेंदणी कोळीवाडा.
वीस पाउंड. चाळीस बाकी.
सोबत बाप. जाळं विणणारा माणूस,
त्याला आधी गाठ बघायची होती.
मग मोजत बसला, बावीस उभे, एकवीस आडवे,
आणि म्हणाला, "या जाल्यान काय गावंल? निवटी पन निसटंल."
मी म्हटलं, पकडायला नाही हो हे.
आलेलं परत पाठवायला आहे.
पुढच्या आठवड्यात डबाभर सुका कोलीम आला.
चाळीस तसेच राहिले.

मग बावीस. चोवीस.
शाळा बुडायची, आकडा चढायचा.
सव्विसाला तिच्या आईनं विचारलं, अजून किती घट्ट?

घट्ट गटिंगनं जोर येतो हा लोकांचा गैरसमज.
सैल गटिंग फूल उडवतं,
तुमचं थोडं काम स्वतःच करून टाकतं.
घट्ट गटिंग काही देत नाही.
जिथं मारलं तिथंच जातं,
चुकलं असेल तर चूकही तिथंच.
अठ्ठाविसाला ती हे मागायला लागली.

नंतर चार वर्षं ती वहीत नाही.
कंपनीची माणसं, कंपनीची मशिनं.
ओडेन्स, जकार्ता, ग्लासगो
मी फोनवर बघितलं. बघितलं कसलं,
चित्र अडकायचं, आवाज तेवढा यायचा.
कॉमेंट्रीवाले तिच्या पायांबद्दल बोलत होते,
मी ठक्क ऐकत होतो.
उपांत्य सामना, तिसरा गेम, सतरा-अठरा,
आणि ठक्कचं ठप्प झालं.
बदल गं, मी जिन्याखाली बसून म्हणालो.
बॅग चार पावलांवर होती.
सतरा-एकवीस.
पुढं कधीतरी विचारलं, तर म्हणाली,
"हाताला बसली होती, काका. सोडवेना."

गुडघा त्यानंतर गेला,
सकाळच्या सरावात, रिकाम्या हॉलमध्ये,
फूल नेटलाही लागलं नव्हतं.

वहीत परत आली ती चोवीस पाउंडांवर.
आकड्याबद्दल ती बोलली नाही,
मीही नाही.
दोन वर्षं खेळली तशी.
रायपूर, काठमांडू, पहिल्या फेऱ्या.

गेल्या शनिवारी सहा रॅकेट घेऊन आली.
"कापून द्या."
एक पदर तुटला तर बाकीचे लगेच कापायचे,
नाहीतर चौकट तिरकी होते, हे मीच शिकवलेलं.
पण यांतलं काहीच तुटलेलं नव्हतं.
भिंतीवर लावणार का, विचारलं.
"माळ्यावर. ताणून ठेवल्या तर वाकतील ना?"

मधून सुरू केलं, मधून बाहेर,
एक उभा, एक आडवा.
प्रत्येक पदर कात्रीखाली
आपापल्या आवाजात गेला.
पाचव्या रॅकेटला ती बाहेर जाऊन उभी राहिली,
रिक्षांकडे तोंड करून, फोन कानाला.
फोन बंद होता, मला दिसत होतं.

वहीत तारीख लिहिली. नाव लिहिलं.
पाउंडांच्या रकान्यावर पेन थांबलं.

मशीन डुगडुगू नये म्हणून
त्याच्या एका पायाखाली जुनी वही दिलेली आहे.
तिनं ती ओढून काढली, धूळ झटकली,
ओल्या बोटानं पानं उलटत गेली
आणि थांबली.
"चाळीस," म्हणाली,
आणि पन्नासची नोट ठेवली.

नको म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही.
मशीन एका अंगाला कललं होतं.
सुटे दहा शोधत
मी बराच वेळ गल्ल्यात वाकून राहिलो.