आधी चाकांवर

मार्चअखेर उसिकाउपुंकीत
खाडीतला बर्फ करडा पडतो,
रस्त्यावरचं मीठ मात्र हलत नाही.
गाडी घेऊन इर्याच्या शेडपाशी पोचलो
तेव्हा रेल्वेफाटकाची खडखड
अजून माझ्या दातांत होती.

सदतीस वर्षांची उघडी साब.
छत कापडाचं, म्हणजे नसल्यासारखंच.
खड्डा आला की काच एकीकडे, स्टिअरिंग दुसरीकडे,
आणि आरशातला मागचा ट्रक
एकाचे दोन होऊन थरथरायचा.
आधीचा मालक म्हणाला होता, सवय होते.
झाली.
अकरा वर्षं डावं दार मी
किंचित उचलूनच लावत आलो,
लंगडणाऱ्याच्या सोबत चालताना
आपलंही पाऊल आखडतं, तसा.

इर्यानं दार एकदाच लावून पाहिलं.
फटीत वर पाच सेंटचं नाणं सरकवलं, अडकलं.
खाली सरकवलं, खणकन आत पडलं.
"छप्पर कापलं की डबा उरत नाही," ती म्हणाली,
"ट्रे होतो.
ट्रे दोन्ही हातांनी धरून पिळून बघ कधी."

बावीस वर्षं तिनं इथल्याच कारखान्यात
पत्र्याला पत्रा जोडला.
मनगटांवर ठिणग्यांचे तीळ आहेत.
गालिचा उचलून ती उकिडवी बसली,
दाराखालच्या पत्र्यावरचे वाटाण्याएवढे ठसे
अंगठ्यानं एकेक चाचपत राहिली.
मला वाटलं, आता म्हणेल, हे माझेच.
ती म्हणाली, "दोन सुटलेत.
सोमवारचं काम."

मग चार दिवस नुसता गंज.
मी नळ्या आणल्या होत्या, नव्या, काळ्या रंगाच्या,
पोटाखाली घालायची फुली,
इंजिनावरून जाणारा आडवा दांडा.
त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.
कुजक्या पत्र्याला टेकू देऊन काय होतं?
टेकू तेवढा शाबूत राहतो.
तिनं चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापलं,
आणि ते फार उशिरा लागलं.

पाचव्या दिवशी गाडी घोड्यांवर, चाकं लोंबत.
बारा बोल्ट भोकांत बसले, मी पान्हा उचलला.
"आवळू?"
"नको.
लटकती असताना आवळलीस
तर लटकणंच पक्कं होईल.
वाकडीच ताठ राहील जन्मभर,
आणि तू म्हणशील, काय मजबूत झाली!
आधी चाकांवर येऊ दे.
पुढे ढकल, मागे ढकल, अंग सोडू दे तिला.
मग बस आत. एकटा नको."

शेजारचा ताइस्तो आला,
काही न विचारता मागे बसला.
त्याच्या बुटांचा बर्फ उघड्या पत्र्यावर वितळू लागला.
डिकीत बटाट्यांचं पोतं.
आम्ही दोघं वजन होऊन बसलो,
एकमेकांशी न बोलता,
आणि आमच्या खाली, खड्ड्यात उभी राहून,
इर्या एकेक बोल्ट आवळत गेली.
टक.
बऱ्याच वेळानं, टक.
"श्वास धरून बसू नका," खालून आवाज आला,
"रोज बसता तसे बसा."
ते सगळ्यात अवघड होतं.

पैसे घेताना तिनं बजावलं,
"ताण कुठे जात नाही. घर बदलतो.
काचेचा खालचा कोपरा
दर शरदात बघत जा."

परतताना फाटक आलं. मी दात आवळले.
गाडी रुळांवरून गेली, एका तुकड्यात,
जाड पुस्तक टेबलावर ठेवल्यासारखी.
आरशात मागचा ट्रक एकच होता,
आणि चालवणारा जांभई देत होता.
फक्त डॅशबोर्डच्या आत कुठेतरी
एक नवी, बारीक टिकटिक.

घरी उतरलो, सवयीनं दार उचलून ढकललं.
ते खिट्टीवर वरून आपटलं,
उघडंच राहिलं.

पुन्हा ढकललं. पुन्हा तेच.

गाडी सरळ झाली होती.
मी अंगणात उभा, थंडीत,
उजवा हात खांद्यापासून सैल सोडत,
त्याला समजावत:
उचलू नको. नुसतं लोट.