बदलता न येणारं पान

तार्तूहून मुस्तवेला जाणाऱ्या बसमध्ये
मी मनातल्या मनात घोकत होते,
बाईंना कुठून सुरुवात करून सांगायचं.
की हेल्दुरचा प्रोग्राम मुक्त आहे,
फुकट नव्हे, मुक्त:
कुणीही उसवावा, आपल्या मापाचा करून पुन्हा शिवावा.
पण त्याच्यासोबतचं दोनशे बारा पानांचं पुस्तक,
प्रोग्राम कसा वापरायचा ते सांगणारं,
त्याचा परवाना वेगळा.
त्यात एक पान असं, की
काना-मात्रेचा फरक करायचा नाही, गाळायचं नाही,
पुस्तक जाईल तिथे त्यानं जायचं.
काळ्या दगडावरची रेघ.

आमची मंडळी यावर पाच आठवडे भांडली.
शेवटी ठरलं: जे बदलता येत नाही ते मुक्त नाही.
पुस्तक मागल्या खोलीत गेलं,
जिथे मुद्दाम मागितल्याशिवाय कुणी जात नाही.
तेव्हापासून लोक प्रोग्राम घेतात
आणि रात्री-अपरात्री मला विचारतात,
हा तिसरा पर्याय कशासाठी.

प्रोग्राम काम करतो एकच.
दोन मजकूर शेजारी ठेवून
काय बदललं ते दाखवतो.
गेलेल्या ओळीपुढे वजा,
आलेल्या ओळीपुढे अधिक.

वाइकेबाईंच्या स्वयंपाकघरात कांद्यांच्या वेण्या,
खिडकीत सरोवर, अजून अर्धं गोठलेलं.
नवऱ्यामागे त्यांच्या नावावर आलं ते असं:
होडीचं एक इंजिन, तीन चष्मे
आणि प्रताधिकार.
"म्हणजे त्याचे शब्द आता माझे?"
"तो गेल्यापासून सत्तर वर्षं," मी म्हणाले.
"मी एक्याऐंशीची आहे, त्रीनू," म्हणाल्या,
आणि चष्मा शोधायला उठल्या.

मग त्यांनी ते पान वाचलं, ओठ हलवत.
हे पुस्तक माझ्या भावाला, यूलोला,
जो एकसष्टच्या मे महिन्यात
निळी होडी घेऊन पेइप्सीवर गेला.
काय गेलं, आणि नेमकं कुठून गेलं,
ते दाखवणारं काहीतरी असावं म्हणून
मी हे करत बसलो.

"निळी नव्हती," त्या म्हणाल्या.

चहा निवत होता. मी थांबले.

"हिरवी होती. आम्ही दोघांनी रंगवली, शनिवारी.
बाहीवरचा डाग आईला दिसू नये म्हणून
मी आठवडाभर उन्हात स्वेटर घालून हिंडले.
हेल्दुर तेव्हा फौजेत होता, दूर. त्याला कोण सांगणार?
पुस्तक निघालं तेव्हाच मला दिसलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"त्यानं विचारलं असतं ना,
तुला कसं ठाऊक."

बाहेर कुठेतरी बर्फ तडकला.
"आणि तो गेल्यावर कुणाला सांगू?
बदलायचं नाही असं त्यानंच लिहून ठेवलेलं."

"तुम्हाला बदलता येतं," मी म्हणाले.
"मालकाला कधीही येत होतं.
अकरा वर्षं येत होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं
एखाद्या दाराची कडी
आतूनच होती हे कळल्यासारखं.
सही केली, मोठ्या शाळकरी अक्षरात.
मग म्हणाल्या, पेन असू दे जरा.

रात्री घरी येऊन मी जुनं पान आणि नवं पान
हेल्दुरच्या प्रोग्रामपुढे ठेवलं.

− निळी होडी घेऊन पेइप्सीवर गेला.
+ हिरवी होडी घेऊन पेइप्सीवर गेला.

पुस्तक पुढल्या खोलीत आलं.
तिसऱ्या आठवड्यात लिस्बनहून एकानं कळवलं,
या पानाचा प्रोग्रामशी काही संबंध नाही,
आमच्या आवृत्तीत गाळतो आहोत.
त्याला अडवायला मी नव्या परवान्यात कलम शोधलं.
मसुदा माझाच होता. नव्हतं.

फोनवर वाइकेबाईंना सांगताना
मला उगाच माझी चूक झाल्यासारखं वाटलं.
त्या थोडा वेळ गप्प राहिल्या.
"पण तिथे वजाची खूण दिसते ना?"
"दिसते."
"मग गाळू दे," म्हणाल्या,
आणि विचारलं,
कांदे न्यायला कधी येतेस,
मोड यायला लागलेत.