अनामिक कोल्हा

हुपरीची शाळा, सातवी ब. संगणक-खोलीत यंत्रं अकरा,
चालतात आठ, नववं त्याच्या मनात आलं तर.
पोरं अडतीस. एका खुर्चीवर दोघं,
तिसरा खिडकीच्या कट्ट्यावर टेकलेला.
फळ्यावर मी विषय लिहिला: आपल्या गावातली चांदी.
पान एकच. सगळ्यांनी मिळून लिहायचं, एकाच वेळी.

मग कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर
म्हशी याव्यात तसे कर्सर आले, एकमेकांना ढकलत,
श्रेणिकचा हिरवा, तन्झिलाचा जांभळा.
पृथ्वीराजनं चाळीस वेळा ‘नाद खुळा’ लिहिलं,
कुणीतरी पुसलं, त्यानं परत लिहिलं,
आणि कुणाच्या तरी कोपराखाली
सगळंच गेलं.
पांढरं. नुसतं पांढरं.
माझा घसा सुकला.
हर्षदा म्हणाली, “बाई, घाबरू नका,
इतिहासात जावा की.”

इतिहास तर मीच शिकवते. गेले.
तिथं सगळं होतं, मिनिटासकट,
कुणी काय मांडलं, कुणी काय मोडलं.
वीस वर्षं सनावळ्या घोकून घेतल्या,
पण पुसणाऱ्याचंही नाव असलेला इतिहास
पहिल्यांदाच हाताला लागत होता.

शुक्रवारी रात्री, भांडी आवरून, तपासायला बसले.
तिसऱ्या परिच्छेदात पृथ्वीराजचं वाक्य: ‘पैंजण मशिनीवर बनतात.’
ते माझ्या डोळ्यांदेखत हललं.
नाव नव्हतं. वरच्या कोपऱ्यात इवलंसं चित्र:
अनामिक कोल्हा.

कोल्हा हळू लिहीत होता.
एक अक्षर. थांबा. दोन अक्षरं. एक मागे.
‘पट्टा मशिनीवर होतो पण डाख हातानंच द्यावा लागतो.
फुंकणीचा वारा जरा जास्त झाला
तर कडी वितळून जाते.
मग शेठ मजुरी कापतो.’
अकरा बावन्न.
मी बाजूला लिहिलं: कोण आहे?
कोल्हा गेला.

सोमवारी विचारलं. सगळे गप्प.
“बाई, कोल्हापूर जिल्हा हाय, कोल्हा असणारच की,”
मागून कुणीतरी. वर्ग हसला.
धनश्री हसली नाही.
घंटा झाल्यावर दप्तराचा बंद चावत उभी राहिली.
“मोबाईल आईचा हाय. मी उघडंच ठेवल्यालं.
तिची शाळा आठवीत सुटली.
रागावू नका बाई, तिला वाटलं, चुकीचं लिहिलंय तर सांगावं.”

दुसऱ्या दिवशी वर्गापुढे ठेवलं, तिला विचारून:
हे राहू द्यायचं का?
पृथ्वीराज म्हणाला, “मशिनीचं माझं होतं.
नुसतं ठोकून दिल्यालं. तिचं राहू दे.”
श्रेणिक उठला. त्याचे कान लाल झाले होते.
“शेठची ओळ काढा.
माझे पप्पा मजुरी कापत नाहीत.”
पंख्याचा आवाज यायला लागला.
कुणाच्या आया कुणाच्या घरचा डाख देतात
हे अडतीसच्या अडतीस जणांना माहीत होतं.
मला काय बोलावं सुचलं नाही.
म्हटलं, पान उघडं आहे.
जो काढेल, त्याचं नाव राहील.

त्या रात्री पुन्हा इतिहासात गेले.
नऊ दहा: श्रेणिकनं ओळ काढली.
मग तास-दीड तास काहीच नाही.
त्या तासात त्यांच्या घरात काय झालं
ते कुठल्याच आवृत्तीत नाही.
दहा छत्तीस: श्रेणिकनं ओळ परत आणली.
तिच्यापुढे, स्वतःच्या रंगात:
‘कधी कधी. पप्पानी सांगितलं.’

मी बंद करणार, तेवढ्यात कोल्हा आला.
त्या ओळीपाशी त्याचा कर्सर
बराच वेळ लुकलुकत राहिला.
मला वाटलं, आता काही लिहील.
‘पप्पानी’वर त्यानं एक अनुस्वार दिला,
आणि गेला.