शेऱ्याचा रकाना

आनंदवाडीच्या धक्क्यामागे माझं दुकान :
ट्रॉलरचे वायरलेस, मासे शोधायची यंत्रं,
खारं खाऊन बहिरे झालेले स्पीकर.
दिवसा मी तारा जोडतो.
रात्री तारे तुटताना ऐकतो.

हो, ऐकतो. बघत नाही.
बघणाऱ्याला काळोख लागतो, मोकळं आभाळ लागतं, मान लागते.
माझी मान सोल्डरिंगनं पंचेचाळिशीतच वाकली.
मला पुरतो पडद्याच्या दांड्यांचा अँटेना,
पत्र्यावर, ईशान्येला तोंड करून,
आणि एक जुना एफएम, काटा अशा जागी ठेवलेला
जिथे आपल्याकडचं कुठलंच केंद्र नाही.
नुसती खरखर,
पाण्यात वाळू चाळावी तशी.

तिकडे, क्षितिजाच्या पोटाखाली, हजार-दीड हजार किलोमीटरवर
कुणी बातम्या देतं, कुणी खताची जाहिरात करतं,
आणि ते सगळं सरळ रेषेत
आपल्या डोक्यावरून निघून जातं.
पृथ्वी वाकते. लहरी वाकत नाहीत.
मग वर, शंभर किलोमीटरवर
मोहरीएवढा खडा जळतो.
त्याच्या मागे विजेनं भारलेली एक रेघ उरते,
पाव सेकंद, कधी दोन,
तेवढ्यात तिकडचा आवाज तिच्यावर आपटून
माझ्या पत्र्यावर पडतो :
तबल्याचा एक ठोका.
एका बाईचा अर्धा श्वास.
‘…ला आणि…’
की ‘लानी’? कुठली भाषा?
पुन्हा वाळू.

मोरेश्वर तारी एकदा तासभर बसला.
‘ह्याचो उपेग काय? मासो गावतलो?’
नाही म्हटलं.
‘मगे?’
त्या ‘मगे’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं, चहा होता.

मार्गशीर्षात, मिथुन राशीतून खडे सांडतात त्या रात्री
वर चंद्र होता, ढगही होते, मला काय त्याचं.
वहीत रेघा ओढत होतो :
नऊ ते दहा, चौदा.
दोन ते तीन, एकसष्ट.
मतलई सुटली होती, जाळ्यांचा वास समुद्राकडे चाललेला.
चार वाजता जनक आला, बोटीचा हँडसेट घ्यायला.
खलाशी. आडनाव बुढा, वय एकोणीस, गाव बर्दिया, नेपाळ.
बर्फाच्या लाद्या उचलून त्याची बोटं सुजलेली.
बस म्हटलं, एक स्क्रू राहिलाय.
तो बसला. वाळू ऐकत बसला.

आणि एकदम लांब आला, दीडेक सेकंद :
‘…हरू…’
जनक उभा राहिला. स्टूल पडलं.
‘आमचं आहे! आमचं!’
मला वाटलं, हरू म्हणजे हरणं.
‘नाय, नाय. हरू म्हणजे काही नाय.
शब्दाच्या मागे लावतात. एकाचे खूप होतात.
माणूस, मान्छेहरू.
तारा, ताराहरू.’
पुढे काय होतं? कोण? किती जण?
त्याला कळलं नव्हतं. मलाही.
आलं होतं ते फक्त शेपूट,
अनेकवचन, ज्याचं नाम वाटेत जळून गेलेलं.

खरखरीत माणूस आपलंच ऐकतो, हे मला ठाऊक आहे.
आई गेली त्या वर्षी मला दर रात्री खोकला ऐकू यायचा,
तो मी कधी वहीत घेतला नाही.

धक्क्यावरून भोंगा झाला. त्यानं हँडसेट खिशात कोंबला,
पैसे मालकाकडून घ्या म्हणाला,
आणि दारातून परत वळून, पत्र्याकडे बघत,
‘उद्या पण येईल का?’
उद्या तो बारा वाव पाण्यात असणार होता.
येईल म्हटलं. यंत्र लावून ठेवतो.

वहीत लिहिलं : चार बारा. दीड सेकंद. ठळक.
शेऱ्याच्या रकान्यात : हरू. खात्री नाही.
आम्ही बोलत होतो तेव्हा किती पडले, मोजले नाहीत.
त्या तासाची बेरीज चुकलेली आहे.
ती तशीच ठेवलीय.