बापाचं नाव

नेहरूनगरच्या मैदानावर चुन्यानं आखलेलं रिंगण,
फेब्रुवारीतच सदतीस डिग्री,
आणि मी टेबलाशी, वहीवर दगड ठेवून.
जज बोलतील ते लिहायचं, एवढंच काम.
चहा आणि तीनशे रुपये.

सकाळभर लिहिलं:
दात कात्रीसारखे मिटतात. डोळा बदामी.
छाती कोपरापर्यंत उतरलेली. शेपटी जरा वर.
नर असला तर दोन्ही आहेत ना
हे हात घालून बघतात,
तेव्हा मालक आकाशाकडे बघतो.

मला वाटायचं, कुत्र्याशी कुत्रा ताडून पाहतात.
देवसहायम सर म्हणाले, छे,
प्रत्येकाला एका न जन्मलेल्या कुत्र्याशेजारी उभं करायचं.
तो पुस्तकात राहतो. त्याला धाप लागत नाही.
त्याच्या जो सगळ्यात जवळ, त्याला रिबन.

मला नायना आठवले, माझे वडील.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात चादरी तपासायचे
ट्यूबलाइटखाली ताणून,
अंगठा काठावरून सरकवत.
एक धागा सुटलेला, की निळ्या खडूची फुली.
फुलीची चादर किलोवर जायची
नाहीतर आमच्या घरी यायची.
एका डोळ्याचे मोर, तिरकं कमळ,
आणि खाली आम्ही चौघं.

तीन वाजता धुळदेव मेटकरी आला.
दोरीला कारवान, खारकेच्या रंगाचा,
पोट पाठीला लागलेलं, डावा कान फाटका.
शेजारी एक हस्की टेबलफॅनपुढे
बर्फाच्या लादीवर हनुवटी टेकून पडलेला.
दोघांनी एकमेकांकडे एकदाच पाहिलं.

धुळदेवकडे कागद नव्हता. कागदासाठीच आला होता:
जज बघतात, मापतात,
अस्सल वाटला तर नोंद होते.
मी फॉर्म घेतला.
नाव? खारीक.
जन्म? 'मेंढरं खाली निघायच्या वक्ताला.'
बापाचं नाव?
त्यानं टोपी मागं सारली.
'बाप मंगळवेढ्याच्या काळ्या रानातला.
कोल्ह्यामागं गेला, त्यो गेलाच.
नाव असं न्हवतं. आमी ये म्हणायचो, त्यो यायचा.'

माझं पेन थांबलं.
ती खिडकी आठवली, जाळीमागचा तो माणूस:
आजोबांच्या शाळेचा दाखला आणा.
आजोबा बाराव्या वर्षी करीमनगरकडून चालत आले
आणि थेट मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले.
शाळा बाहेरून पाहिली असेल,
पाहिली असेल तर.
दाखला आणा म्हणजे आणा.
सहा वर्षं.

मी लिहिलं: अज्ञात.
मग खोडलं. रकाना तसाच ठेवला.

सर गुडघ्यावर बसले.
मानेवरून पाठीकडे हात नेला,
अंधारात जिना उतरावा तसा, एकेक मणका.
फाटक्या कानाशी थांबले. 'रानडुक्कर?'
'न्हाय, तार. डाळिंबाच्या बागंची.'
पट्टी लावली. सत्तावीस इंच.
'चालवा.'
धुळदेव चालला, खारीक चालला,
चुन्याच्या रेषेशी दोघंही बुचकळ्यात पडून वळले.
'अस्सल,' सर म्हणाले. 'लिही.'

धुळदेवनं शिक्क्याकडं बघितलं, मग दोरीच्या टोकाकडं.
'म्हंजी आता ह्यो खरा कुत्रा झाला म्हणायचा?'
कुणी हसलं नाही.
लाइट गेली होती, हस्कीचा फॅन
शेवटचे दोन फेरे घेत होता.

रात्री नायनांना फॉर्मची कार्बन कॉपी दाखवली.
त्यांनी चष्मा शोधला नाही,
अंगठा कागदाच्या काठावरून सरकवला, चारी बाजूंनी,
आणि विचारलं, 'पळतो कसा?'

रिंगण चाळीस पावलांचं होतं, नायना.
पळायला कुणी सांगितलंच नाही.