कारणाचा रकाना

हुकूम आला तेव्हा
त्याच्या चाळीस प्रती मीच काढून दिल्या.
खानापूर तहसीलसमोर पाच झेरॉक्सवाले,
पण साहेबांचा शिपाई माझ्याकडंच येतो,
महिन्याची उधारी पहिल्या तारखेला चुकती करतो.
कागद गरम गरम निघत होते
नि मी वाचत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी त्यातलीच एक प्रत
मलाच आणून दिली. पोच म्हणून सही घेतली.
आजपासून वही ठेवायची:
कोण आलं, कुठल्या गावचं, कसला कागद, किती प्रती.

पहिला आला रुद्राप्पा अंगडी, शेताच्या उताऱ्यासाठी.
"नाव लिव्हायचं? लिव्हतो की. मी काय चोर हाय?"
हे वाक्य पुढं इतक्यांदा ऐकलं
की वहीच्या पुठ्ठ्यावरच छापून घ्यावं म्हटलं.

नंदगडची खैरुन किल्लेदार, जांबोटीचे गावडे,
कौलांच्या भट्टीवरची पोरं,
शंभरात एकानं मान वर केली नाही.
मग मोबाईल नंबरचा रकाना आला.
मग अंगठा.
मग, प्रत कुणाला देणार.
दर खेपेला पट्टीनं एक उभी रेघ मारायची;
आधीचे रकाने अंग चोरून बसायचे,
बाकड्यावर तिसरा आला की दोघं सरकतात तसे.

इथं पाटीवरच्या अक्षरांसाठी डोकी फुटलीत.
कुठली भाषा वर, कुठली खाली, किती इंच.
वहीचा मथळा कुठल्या भाषेत आहे
हे मात्र कुणी विचारलं नाही.

भांडण नसलेला एक शब्द आहे आमच्यात: सुम्म.
कानडीतला म्हणतात, पण वापरतो सगळेच.
सुम्म म्हणजे गप्प.
सुम्म म्हणजे उगीच, कारण काही नाही.
सुम्म बस. सुम्म आलतो. सुम्म विचारलं.

एका मंगळवारी फिलोमिनाबाई आल्या,
कन्याशाळेतनं रिटायर झालेल्या.
हातात एकच पान, वळणदार अक्षर:
चौघांपेक्षा जास्त जमू नये, ही बंदी
आठ महिने झाले, कधी उठणार?
खाली सह्यांना मोकळी जागा.
वीस प्रती, म्हणाल्या.
मी वही पुढं सरकवली.

त्यांनी चष्मा पुसला, सगळे रकाने वाचले.
वाचणाऱ्या त्या पहिल्याच.
"आणि नाही भरलं तर?"
मागं रांग होती. रांगेतनं कुणीतरी,
"बाई, भरून टाका की. लोंढ्याची बस जाईल आमची."
"मग कार्बन द्या. हातानं लिहीन."

कार्बनचा डबा माझ्या डोक्यामागं, फळीवर, निळा,
झाकण उघडंच.
संपलाय, मी म्हणालो.
त्यांनी फळीकडं बघितलं.
माझ्याकडं बघितलं नाही.

वही भरली की शिपाई घेऊन जातो, नवी देतो.
मध्ये चार दिवस नवी यायची राहिली
तर लोक काउंटर चाचपायला लागले.
"वही कुठाय हो? मागनं भानगड नको."
रुद्राप्पानं एका पाठकोऱ्या कागदावर
आपलं आपण नाव, गाव, नंबर लिहिला,
शाई नव्हती म्हणून
सांडलेल्या टोनरमध्ये अंगठा घोळवला.

परवा रात्री शटर अर्धं ओढून
पोरीच्या दाखल्याची एक प्रत काढली.
दुकान माझं, मशीन माझं, पोर माझी.
आत कोण नव्हतं. रस्त्यावर कुत्रं नव्हतं.
आणि हात वहीकडं गेला.
नाव. गाव. कागद. प्रती. नंबर. अंगठा. कुणाला देणार.
शेवटचा रकाना त्याच आठवड्यातला, अजून रेघ ओली:
कारण.

पेन तिथं जरा वेळ थांबलं.
मग लिहिलं,
सुम्म.