शहाणी

ग्रिम्सबीत गुरुवारी, जेवणानंतरच्या तासाला
वारा गोदीकडून आला तर वर्गभर मासळीचा वास.
नववीची अठ्ठावीस मुलं.
माझं आडनाव त्यांच्या तोंडी दाबकेचं डबके होतं.
मी आता दुरुस्त करत नाही,
डबक्यात पाय आपटायला मुलांना आवडतंच.

आधी हसू देते.
फळ्यावर शरीराचे शब्द लिहिते, पूर्ण,
डस्टर लांब ठेवून.
जेडन खुर्चीवरून घसरतो, मागच्या रांगेला खोकला लागतो.
उतू जाणाऱ्या दुधावर फुंकर मारत बसायचं नसतं,
गॅस बारीक करायचा.
मग कोपर म्हणावं तसा मी तो शब्द म्हणते.
गुडघा, कोपर, योनी, टाच.
तिसऱ्या वेळेपर्यंत कोणी हसत नाही.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
मिरजेला बेडकिहाळ बाईंनी तो धडा
झुरळ चिमटीत धरावं तसा धरून उलटला.
"घरी वाचा."
घरी पुस्तकाला खाकी कव्हर, कव्हरवर माझं नाव,
तिथेही वाचता आला नाही.
त्याच्या दोन वर्षं आधी आत्याने
जुन्या पातळाची घडी हातात ठेवून म्हटलं होतं,
शहाणी झालीस.
शहाणी!
कावळा शिवला म्हणे.
मी आठवडाभर खिडकीतून कावळे पाहत होते,
यांतला नेमका कुठला.

टेबलावर आइस्क्रीमचा रिकामा डबा, झाकणाला चीर.
प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच,
प्रश्न नसेल तर काल काय जेवलो ते,
म्हणजे सगळ्यांचीच पेनं हलतात.
नाव नको.
पण कुणाला इजा होतेय असं दिसलं
तर मी गुपित ठेवणार नाही,
हे आधीच सांगते. खोटं वचन देत नाही.

फिश अँड चिप्स.
माझा आवाज अजून का फुटत नाही?
मुलग्यांना पण भीती वाटते का?
पिझ्झा.
पिझ्झा.
आधी नको म्हटलं. मग परत परत विचारलं.
मग काहीच म्हटलं नाही. मग ते हो होतं का?

निळी शाई. आयवर टिंबाच्या जागी बारीक गोल.
ते गोल मी दर आठवड्याला तपासते,
प्रकाशसंश्लेषणाच्या वहीत.

मान वर करून तिच्याकडे पाहायचं नाही, एवढं सुचलं.
घड्याळाशी बोलले, मग खिडकीशी, मग जेडनशी.
नाही होत.
गप्प म्हणजे फक्त गप्प.
परत परत विचारणाऱ्याने उत्तर ऐकलेलं असतं,
त्याला ते आवडलेलं नसतं, इतकंच.
आणि गप्प झालेल्याची चूक नसते.
पुन्हा सांगू? नसते.
जेडन पेनाचं टोपण चावत होता. हसला नाही.

आमच्या भाषेत एक शब्द आहे, मूकसंमती.
तो मी त्यांना सांगितला नाही.
माझ्यातल्या माझ्यात खोडला,
आणि तो खोडताना
कितीतरी ओळखीचे चेहरे पुसले गेले नाहीत.

घंटा. दप्तरं. दारात रेटारेटी.
चिठ्ठी माझ्या खिशात,
वरच्या मजल्यावर मिसेस थर्केलचं दार,
तिथे मला जावंच लागणार आहे.
मी फळा पुसते आहे, एकेक शब्द, सावकाश.
मागे औस्तेया खुर्च्या बाकांवर चढवते आहे,
तिला कुणी सांगितलेलं नसताना.

"मिस डबके, डबा सोमवारीपण असतो?"

"असतो," मी म्हणते. "मीपण असते.
आत्तासुद्धा आहे."

ती आणखी एक खुर्ची उचलते, वर ठेवते,
जरा वेळ तिच्या पायांकडे पाहते,
मग परत खाली घेते
आणि बसते.